०.७२५ म्हणजे पाऊण टक्का का साडेबहात्तर? बियाण्यापायी घरात भांडण झालं

वावरवाली (कारंजा तालुका, जि. वाशीम)

नमस्कार सगळ्यायले. मी दहावी झाली, अन् गणितात काठावर. हसाल तर हसा, पण नीट सांगा.

आमच्याकडे मागच्या हंगामातलं सोयाबीन घरचं बियाणं म्हणून ठेवलं आहे, चार चुंगड्या (पोती). पिशवीतलं बियाणं घ्यायची ऐपत नाई असं नाई, पण घरचं चांगलं असताना काऊन घ्या? फक्त पेरायच्या आधी उगवण तपासा, असं कृषी सहायक दरसाल सांगतात. सोयाबीनचं टरफल नाजूक, चुंगडी आपटली तरी बी मरते.

तर मी तपासलं. ओल्या पोत्याच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीनं शंभर दाणे मांडले, गुंडाळी केली, न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी कोंबडी शिरली. सहा ओळी तिनं उकरून खाल्ल्या. चार ओळी शाबूत राहिल्या, म्हणजे चाळीस दाणे. सातव्या दिवशी मोजलं तर एकोणतीस दाण्यायले चांगले कोंब.

मोबाईलवर २९ भागिले ४० केलं. आलं ०.७२५. आता ०.७५ म्हणजे पाऊण हे मले माहीत आहे. त्याच्याहून जरा कमी. म्हणून मी आमच्या यायले सांगतलं, "पाऊण टक्काबी नाई उगवलं." हे जेवत होते. घास हातातच राह्यला. म्हणे तेलाच्या भावात विकून टाकू सगळं, अन् तिथंच बसून कृषी केंद्रात फोन लावला, बॅगा ठेवा म्हणून. मामाजी बाहेरून म्हणाले, बी पावसात भिजवलं कोणी? ते भांडण वेगळंच.

संध्याकाळी पोट्टी शाळेतून आली, आठवीत आहे. तिनं पाह्यलं अन् म्हणे, "आई, साडेबहात्तर टक्के आहे." चाळीसातले एकोणतीस कोंब माझ्या डोळ्यासमोर होते, तरी मी त्या आकड्याच्या नादी लागली, याचीच लाज वाटते.

तिले विचारलं, काऊन साडेबहात्तर? म्हणे बाईनं सांगतलं, शंभरनं गुणायचं. काऊन गुणायचं? तर म्हणे "उत्तर बरोबर येते." हे काही उत्तर झालं का?

हे पहिल्यांदा नाई झालं. मी बचत गटाची सचिव आहे. मागं एका फॉर्मवर हजेरीच्या रकान्यात ०.७५ लिहून दिलं. रकान्याच्या डोक्यावर टक्क्याची खूण छापलेली होती. तिथले साहेब सगळ्यायसमोर म्हणाले, "ताई, शंभर बायांतली एकही पूर्ण येत नाही का तुमच्या बैठकीले?" अन् हिवाळ्यात कापूस नेला तर व्यापारी म्हणे ओल अर्धा टक्का जास्त आहे. मी अर्धा ऐकून घाबरली, म्हटलं आता अर्धे पैसे कापते.

तर मले तीन गोष्टी सांगा. शंभरनं काऊन गुणायचं? ०.५ अन् ०.५ टक्का यात फरक काय? अन् तीन अष्टमांश असं काही आलं तर त्याचे टक्के मोबाईल नसताना कसे काढायचे?

---

निवृत्त_मास्तर (आर्वी)

ताई, हसण्यासारखं काही नाही. प्राथमिक शाळेत सगळी नोकरी झाली माझी, आणि ही चूक दरवर्षी पाहिली. बरेचदा ती हुशार पोरंच करतात, कारण ती आकड्याचा अर्थ लावायला जातात. तुम्ही ०.७२५ ला "पाऊणपेक्षा जरा कमी" म्हणालात ते शंभर नंबरी बरोबर. फक्त कशाच्या पाऊण, तेवढं सुटलं. सगळ्या दाण्यांच्या पाऊणपेक्षा जरा कमी. तुम्ही त्याला टक्का हा शब्द जोडलात आणि तिथं घोळ झाला.

तुमच्या पुस्तकात व्याजाच्या गणितात द.सा.द.शे. असायचं, आठवतं? दरसाल दरशेकडा. टक्का म्हणजे तो दरशेकडा. आता असं पाहा. २९ भागिले ४० केलं तेव्हा तुम्ही सगळ्या दाण्यांना मिळून "एक" धरलं, आणि त्या एकातले ०.७२५ उगवले. टक्के काढताना त्याच सगळ्या दाण्यांना "शंभर" धरायचं असतं. एकाचे शंभर भाग केले की वाट्याचा आकडाही शंभरपट होतो. बी तेवढंच राहतं. रुपया मोडून पैसे केले तर कोणी श्रीमंत होत नाही, तसंच हे.

मी वर्गात हेच सांगायचो: दशांश अपूर्णांक म्हणजे रुपये समजा आणि त्याचे पैसे करा. जितके पैसे तितके टक्के. ०.७२५ रुपये म्हणजे साडेबहात्तर पैसे, म्हणून साडेबहात्तर टक्के. पोरं ०.४ चे ४ टक्के लिहायची आणि ०.०५ चे ५० टक्के. "टिंब दोन घरं उजवीकडे सरकवा" हे पाठ असायचं, पण ०.४ मध्ये दुसरं घरच दिसत नाही ना. त्यांना विचारायचं, ०.४ रुपये म्हणजे किती पैसे? चाळीस. आणि ०.०५? पाच. मग चुकत नसत. १.२५ आलं तर सव्वा रुपया, सव्वाशे टक्के.

आपल्या भागातल्या कास्तकाराला हे शिकवायची खरं तर गरजच नाही. पैसेवारी आपल्या तोंडात असते. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की दुष्काळी सवलतींची चर्चा सुरू होते. ते ५० पैसे म्हणजे काय? चांगल्या पिकाला रुपया धरला तर यंदा आठ आणे पिकलं, म्हणजे पन्नास टक्के. तुमच्या बियाण्याची पैसेवारी साडेबहात्तर आली, असं म्हणा.

पैसेवारीला माझे वडील शेवटपर्यंत आणेवारीच म्हणायचे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाला १९२ पै. एक आणा बरोबर सव्वासहा नव्या पैशांचा, आणि त्या पाव पैशापायी किराणा दुकानात कटकटी व्हायच्या. पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला हे आणेच कामी येतात. तीन अष्टमांश म्हणजे सहा आणे. चार आणे म्हणजे पंचवीस टक्के, दोन आणे साडेबारा, बेरीज साडेसदतीस. झालं. कागद नको, मोबाईल नको.

आण्यांचा हात बसला नसेल तर पाव, निम्मे, पाऊण यांच्यावरून चाला. पाव २५, पावाचं अर्धं साडेबारा, तेच अष्टमांश. तीन अष्टमांश म्हणजे साडेबारा तीनदा. पंचमांश २०, दशमांश १०, विसांश ५. छेद शंभरात बरोबर बसत असेल तर भागाकारसुद्धा नको. २५ पैकी १७ असतील तर वर-खाली चारनं गुणा, १०० पैकी ६८. आमच्या आधीच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढेच पाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनची. आज ती कोणाला येत नाही, आणि आलीच पाहिजे असंही मी म्हणत नाही. पावकी मात्र पोरीला शिकवा.

बसत नसेल तर काय? एक तृतीयांश घ्या. ३३.३३ आणि पुढं तीन संपतच नाहीत. तीन भावांना शंभर रुपये वाटायला बसा, एक पैसा कोणाचाच होत नाही. जुन्या वाटणीच्या कागदांत मात्र "५ आणे ४ पै हिस्सा" असा लिहिलेला सापडतो. पाच आण्यांच्या ६० पै, वर चार, झाल्या ६४. १९२ चा बरोबर तिसरा हिस्सा! जुनं ते सोनं म्हणणारा मी नाही, सोळाच्या हिशेबात पाचांश काढायला बसलो तर रडू येईल. पण तीन भावांसाठी आणा-पै बरी होती.

---

मृगाची_वाट (बार्शीटाकळी)

मास्तरांनी सगळं सांगितलं, पण एक राहिलं. ताई, तुमची परीक्षा चाळीस दाण्यांवर आहे. चाळीसात एक दाणा म्हणजे अडीच टक्के. सोयाबीनला ७० टक्के उगवण हा कट असतो. चाळीसाचे ७० टक्के म्हणजे २८ दाणे. तुमचे २९ आहेत. म्हणजे फक्त एका दाण्यानं पास. दोन कोंब कमी असते तर २७, साडेसदुसष्ट टक्के, आणि नापास. एका कोंबडीच्या भरवशावर चार चुंगड्यांचा निर्णय घेऊ नका.

शंभर दाण्यांचा हिशेब यासाठीच ठेवलेला आहे. जितके कोंब तितके टक्के, भागाकाराची भानगड नाही. आणि एकच गुंडाळी नको, तीन करा, चुंगड्यांच्या थप्पीत वरून, मधून, खालून दाणे घेऊन.

एकरी ३० किलो हे ७० टक्क्यांसाठी. त्याच्या खाली एकेक टक्क्याला साधारण अर्धा किलो बी वाढवायचं, ६० पर्यंत. ६० ला ३५ किलो. हे का, तेही दशांशात पाहा: ३० गुणिले ०.७० म्हणजे २१ किलो जिवंत बी एकरात पडलं पाहिजे. ६० टक्के उगवण असेल तर २१ भागिले ०.६० म्हणजे ३५. इथं मोबाईलमध्ये ६० टाकलं तर उत्तर येईल ०.३५ किलो, साडेतीनशे ग्रॅम एकरी. टोकन करून पेरा मग, एकेक दाणा देवाचं नाव घेऊन.

६० च्याही खाली असेल तर मात्र बॅगा घ्या, तिथं काटकसर नको.

---

काट्यावरचा (हिंगणघाट)

अर्ध्या टक्क्याचं मी सांगतो, जिनिंगच्या काट्यावर दहा हंगाम काढले आहेत. क्विंटल म्हणजे शंभर किलो. त्यामुळं आमच्यासाठी टक्का म्हणजे क्विंटलमागे किलो, दुसरं काही नाही. अर्धा क्विंटल म्हणजे ०.५ क्विंटल, पन्नास किलो. अर्धा टक्का म्हणजे क्विंटलमागे अर्धा किलो. ०.५ आणि ०.५ टक्का यात एवढा फरक आहे, शंभर पटीचा. टक्का उतरवून साधा आकडा करायचा तर शंभरनं भागा: ०.५ टक्का म्हणजे ०.००५.

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव. त्याच्या वर टक्क्याला टक्का भाव कमी, १२ पर्यंत. १२ च्या वर माल घेत नाहीत. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये होता. त्यातून अर्धा टक्का म्हणजे ४० रुपये ५५ पैसे. तुम्ही ज्याला घाबरल्या तो अर्धा कापला असता तर ४०५५ गेले असते! ओल पूर्ण १२ भरली तरी चार टक्के, ३२४ रुपये ४० पैसे क्विंटलमागे. म्हणून म्हणतो, सकाळच्या दवातला कापूस वेचून तसाच भरून आणू नका, एक दिवस ऊन दाखवा.

एक गंमत सांगतो, यावर आमच्याकडं भांडणं होतात. यंत्रानं आधी ८ दाखवलं आणि दुसऱ्या चुंगडीला १२. एक जण म्हणतो ओल चार टक्क्यांनी वाढली. दुसरा म्हणतो पन्नास टक्क्यांनी वाढली, कारण ८ च्या अर्धे ४. दोघंही खरे आहेत. भाव कापताना पहिला हिशेब चालतो. दुसरा हिशेब लावायला लागला कोणी, तर त्याच्या काट्यावरून उतरा.

आणखी एक, रुईचा उतारा. ३४ टक्के उतारा म्हणजे क्विंटल कापसातून ३४ किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट. गाठ १७० किलोची. १७० भागिले ०.३४, पाच क्विंटल कापूस लागला एका गाठीला. उतारा ३३ वर आला की तेवढ्याच गाठीला पंधरा किलो कापूस जास्त. जिनिंगवाला एका टक्क्यासाठी रात्रभर जागतो तो याच्यासाठी.

---

बारावी_पास (कळंब)

एवढं कशाला? कॅल्क्युलेटरवर २९ ÷ ४० लिहून पुढं % दाबा, ७२.५ येते. माझ्या फोनमध्ये तरी येते.

---

निवृत्त_मास्तर

येतं बेटा, पण का येतं ते सांग. तुझा फोन ४० टक्क्यांना ०.४ करतो आणि २९ ला ०.४ नं भागतो. ताईंचा प्रश्नच "काऊन" हा होता.

---

हिशेबनीस (आर्णी)

ताई, तुमच्यासारखीच मी, गटाचं दप्तर सहा वर्षं माझ्याकडं आहे. मास्तरांचं रुपया-पैशाचं मला फार आवडलं, पण आपल्या वहीत जिथं पाय घसरतो ते सांगते.

आपण व्याज "शेकडा दोन" म्हणतो, आणि ते महिन्याचं असतं. बँक सांगते ते वर्षाचं. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस. गटातलं कर्ज स्वस्त वाटतं ते याच्यामुळं, आकडा लहान दिसतो म्हणून. आमच्याकडं एक जण बँकेच्या साताला महाग म्हणून गटाच्या दोनाकडं आली होती. मी तिला तारखेसकट लिहून दाखवलं, तरी तिला खरं वाटेना. व्याज काढताना ५००० गुणिले ०.०२, म्हणजे १००. नुसते २ नं गुणलं की १०,००० व्याज! असं एकदा खरंच वहीत चढलं होतं, अध्यक्षाची सही पण झाली होती त्याच्यावर.

हजेरीचं मी असं करते: १२ जणी, महिन्यात ४ बैठका, म्हणजे ४८ हजेऱ्या व्हायला पाहिजेत. ४५ झाल्या. ४५ भागिले ४८, ०.९३७५. पैसे केले, पावणेचौऱ्याण्णव. रकान्याच्या डोक्यावर खूण छापली असेल तर नुसतं ९३.७५ लिहायचं, खूण आपण परत काढायची नाही. खूण छापलेली नसेल तर आपण काढायची. तुमच्या ०.७५ ला कोणी चूक म्हणू शकलं नसतं, खूण छापलेली नसती तर.

आणि उत्तर शंभराच्या वर गेलं की आधी विचार करा, जाऊ शकतं का म्हणून. हजेरी जाऊ शकत नाही. परतफेड जाऊ शकते. ८००० यायचे होते, तुरीचे पैसे आले म्हणून बायांनी १०,००० भरले, तर १.२५, सव्वाशे टक्के. तसं लिहिलं तेव्हा मला पण फोन आला होता, "मॅडम, चुकलं वाटतं". मी म्हटलं, नाही साहेब, आगाऊ भरलं.

---

वावरवाली

सगळ्यायचे आभार. मास्तर, रुपयाचे पैसे करायचं पोट्टीले सांगतलं तर म्हणे, "बाईनं असं काऊन नाई सांगतलं?" आता ती घरभर सगळ्याचे टक्के काढत फिरते. मामाजीच्या तोंडात किती दात राह्यले त्याचेही काढले, ३२ पैकी १२, साडेसदतीस टक्के. तीन अष्टमांश! मामाजी म्हणाले सहा आणे. त्यायले कोणी विचारलं नव्हतं, अन् त्यायनं तुमचं लिहिलेलं वाचलंही नव्हतं.

मामाजीजवळ वाटणीचा जुना कागद आहे, त्याच्यावर खरंच ५ आणे ४ पै लिहिलेलं निघालं. ते तिघं भाऊ. मी लग्न होऊन आली तेव्हापासून तो कागद पेटीत आहे, पण ते काय लिहिलं आहे हे आज कळलं.

मृगाची वाट भाऊ, तुम्ही सांगतलं तशा तीन गुंडाळ्या केल्या, शंभर-शंभरच्या. वरची ७४, मधली ७१, खालची ६८. खालची चुंगडी भिंतीले टेकून होती, तिथं ओल धरली असावी. तिन्ही मिळून ३०० पैकी २१३, म्हणजे ०.७१, एकाहत्तर टक्के. आमचे हे म्हणे चला, पास. मी म्हटलं तीन चुंगड्या ३० किलोनं अन् खालची वेगळी ठेवून एकतीसनं. अडुसष्टले दोन टक्के कमी, म्हणून एक किलो जास्त, बरोबर ना?

कृषी केंद्रातल्या बॅगा परत सांगाले हे गेले आहेत. तो दुकानदार ओळखीचा आहे, दोन शब्द बोलन. कोंबडी मी खुराड्यात घातली आहे, पेरणी होईपर्यंत.

---

मृगाची_वाट

बरोबर. ३०.९ येतं, एकतीस धरा. खालच्या चुंगडीखाली पाट घाला आजच.